पऱ्हाटीचे पंचांग आणि शाळेचा पट

विदर्भातील उन्हाची तलखी ध्यानात घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जून महिना सरत आला म्हणजे उघडतात. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात, मृगाने वेळेवर हजेरी लावलेली असो वा हूल दिलेली असो, कोरडवाहू कास्तकाराच्या घरी वर्षातील सर्वांत कठीण जमाखर्च मांडला जात असतो. बियाण्याची पाकिटे, खताची पोती, वखर-डवऱ्याची डागडुजी, पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेचे हेलपाटे, आणि तेथे काम अडल्यास सावकाराचा उंबरठा, ही यादी पुरी होण्याआधीच पाचवीत गेलेल्या मुलीच्या वह्या-दप्तराचा व अकरावीत गेलेल्या मुलाच्या, तालुक्याच्या गावी घ्यावयाच्या खोलीचा खर्च समोर येतो. वावरातील पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पहिल्या वेचणीचा पैसा दसरा-दिवाळीखेरीज घरात येत नाही. जूनमध्ये मागितला जाणारा रुपया आणि नोव्हेंबरात येणारा रुपया यांच्यामधील हे पाच महिने या जिल्ह्यातील शिक्षणाच्या प्रश्नाचा गाभा आहेत, असे माझे मत झाले आहे.

कागदावर पाहता या प्रश्नाचे निराकरण कधीच झालेले दिसेल. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजारांवर होती आणि साक्षरांचे प्रमाण शेकडा ८० च्या पुढे गेलेले होते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला विनाशुल्क शिक्षणाचा अधिकार दिला. फी गेली, परंतु शिक्षणाचा खर्च गेला नाही, तो फीच्या पावतीतून निघून अंतरात, मुदतीत आणि कागदपत्रांत जाऊन बसला.

कापसाने या भूमीचे भवितव्य किती आधीपासून बांधून टाकले आहे, हे जुन्या दप्तरांवरून ध्यानात येते. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १८६४ मध्ये वणीच्या नावाचा जिल्हा निर्माण झाला, आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका येथे जोडल्यावर त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. तत्पूर्वीच, १८८६ मध्ये, शेजारच्या कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार भरू लागला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला होता. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहमार्गाची आगगाडी, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत आले, ती मुख्यतः गाठी वाहण्यासाठीच टाकली गेली. ज्या मध्यप्रांताशी वऱ्हाड जोडला गेला, त्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मात्र १९२० साली आला. गाठीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर तेवीस वर्षांनी बालकाची आठवण झाली, ही गोष्ट मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आलेली आहे.

याच जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी आणि १९४० साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी जो मार्ग चोखाळला, त्यावर त्या काळी तांड्यातील अत्यल्प मुले होती. १९६० साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालातून जिल्हा परिषदांची योजना साकारली आणि १ मे १९६२ पासून खेड्यातील प्राथमिक शाळा या नव्या संस्थांच्या हाती आली. आज यवतमाळातील कोणत्याही आडगावी चौथीपर्यंतच्या दोन खोल्या उभ्या दिसतात, त्यांच्यामागे ही घटना आहे, आणि तिचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि इमारत आणि प्रवेश यांपुढचा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. आफ्रिकेतील मलावी या लहान, शेतीवर जगणाऱ्या देशाने १९९४ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली, तेव्हा पटावरील मुले सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. वर्ग झाडांखाली भरू लागले, शिक्षक अपुरे पडले, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी फार मोठा भाग शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचला नाही. पश्चिम किनाऱ्यावरील बेनिनचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तोही कापसाचा देश. २००६ साली त्यानेही प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले. पण अमेरिकी अनुदानांमुळे जगातील कापसाचा भाव पडतो, अशी तक्रार घेऊन हाच देश आणखी तीन आफ्रिकी देशांसह २००३ साली जागतिक व्यापार संघटनेपुढे गेला होता. यवतमाळ जिल्ह्यातील पाटणबोरीच्या कास्तकाराला व बेनिनच्या शेतकऱ्याला एकमेकांची भाषा ठाऊक नसली, तरी त्यांच्या मुलांच्या वह्यांचा पैसा एकाच भावातून येतो.

आता दाखल्यांविषयी, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा या सवलती हक्काच्या आहेत. पण त्या मिळण्यासाठी जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र लागते, व त्याकरिता अनुसूचित जमातींच्या अर्जदाराने ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराने २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकांपूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा जोडावा, अशी अपेक्षा असते. कोणता पुरावा? आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, अथवा महसुली दप्तरातील जुनी नोंद. म्हणजे ज्या घराण्यात पूर्वी कोणीही शाळेत गेले नाही, ज्यांच्या नावे कधी जमीन चढली नाही, नेमक्या त्याच घरातील पहिल्या विद्यार्थिनीला तिचे पूर्वज शाळेत गेले होते किंवा भूधारक होते हे सिद्ध करावे लागते! कागद नसल्यास चौकशीची तरतूद आहे, हे मान्य. परंतु त्या चौकशीपायी बाप जितके दिवस कचेरीच्या पायरीवर बसतो, तितक्या दिवसांची मजुरी बुडते, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष कर्जापायी जीव देऊन गेला, त्या घरालाही शासनाच्या १ लाख रुपयांच्या साहाय्यासाठी असेच कागद लागतात. सातबारा सासऱ्याच्या नावे असला म्हणजे मागे राहिलेल्या बाईची वाट आणखी लांबते, आणि थोरला मुलगा शाळा सोडून औताला हात लावतो.

दाखल्याइतकीच मोठी अडचण भाषेची. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतील कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल गणल्या गेल्या, त्यांत कातकरी व माडिया गोंडांसह कोलाम आहेत. त्यांची कोलामी ही द्राविडकुलातील भाषा. एमेनो या विख्यात भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. जगाच्या विद्वत्सभेत जिला स्थान मिळाले, ती भाषा पोडावरच्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराबाहेर ठेवावी लागते, आणि त्याच्या तोंडून मराठी फुटेपर्यंत गुरुजी त्याला मंद समजतात.

मुलींकरिता पुष्कळ झाले आहे. एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, सायकली आहेत. १९९२ साली दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दररोज एक रुपया उपस्थितीभत्ता सुरू झाला. मुलीने शेण-पाणी, धाकटे भावंड हे सोडून शाळेत यावे म्हणून तिच्या वेळेचे मोल मान्य करणारी ती कल्पना थोर होती, पण तीन दशकांत तो रुपया रुपयाच राहिला. अंतराचे महत्त्व किती, हे २०२१ च्या हिवाळ्यात उघड झाले. महामारीनंतर शाळा उघडल्या होत्या आणि एसटीचा संप सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालला. ज्यांच्या गावी सातवीपुढे वर्ग नाही, त्यांच्यापुढे शाळा उघडी असूनही रस्ता बंद होता.

अंतराप्रमाणे स्थलांतरही शाळेच्या आड येते. दिवाळीचा हंगाम पऱ्हाटीच्या वेचणीचा तसाच ऊसतोडीचाही. पुसद, महागाव, उमरखेड या तालुक्यांतील तांड्यांवरून उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. अशा मुलांना गावातच ठेवून घेता यावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जिच्यात मूल रात्री आजीपाशी राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेकडून होते. त्यासाठी शिक्षकाने सणाच्या दिवसांत तांड्यावर जाऊन, कोण निघणार, कोण राहणार, कोणाची आजी हयात आहे, याची यादी करावी लागते. ज्या तांड्यावर ही यादी वेळेवर होते, तेथे जानेवारीत वर्ग भरतो; जेथे ती आठ दिवस लांबते, तेथे ट्रक आधी येऊन गेलेला असतो.