शेजारचं रान (भाग ६) : उघडा डबा आणि बिबट्याची वाट

गेल्या भागात आपण बिबट्याच्या हद्दीबद्दल वाचलं. एका बिबट्याला पकडून लांब नेऊन सोडलं, तरी त्याची जागा ओस पडत नाही. दुसरा येऊन ती बळकावतो. जुन्नर वनविभागात चाळीस बिबटे असे हलवल्यानंतर माणसांवरचे हल्ले ३२५ टक्क्यांनी वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिलं. पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, इथवर आपण आलो होतो. मग करायचं काय? सुरुवात आपल्या ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यापासून करू.

पण आधी शेजार पाहू. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (एसजीएनपी) जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. बोरिवली, मुलुंड, भांडुप, गोरेगावची आरे वसाहत, ठाण्याकडचं येऊर, घोडबंदर रस्त्यावरचे टोलेजंग टॉवर, सगळे त्याला चिकटून. २०१५ सालच्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, पुढच्या मोजणीत आकडा आणखी वर गेला. जंगलात त्यांच्यासाठी चितळ आहे, सांबर आहे, वानर आणि रानडुक्कर आहे. तरीही रात्री कुंपण ओलांडून बिबट्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो आणि सीसीटीव्हीत दिसतो. लोक म्हणतात, जंगलात खायला उरलं नाही म्हणून आला. खरं कारण बहुतेक वेळा उलट असतं. कुंपणाच्या अलीकडे, कमी कष्टात मिळणारं पुष्कळ आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिबट्या आपलं उष्टं खायला येत नाही. अमेरिकेतलं अस्वल कचऱ्याचा डबा स्वतः उलथून आतलं खातं, म्हणून तिकडे डब्याला अस्वलाच्या पंजाला न उघडणारी कडी बसवतात. आपल्याकडे मध्ये आणखी एक प्राणी आहे. उकिरड्यावर कुत्री आणि डुकरं पोसली जातात, आणि त्यांच्यासाठी बिबट्या येतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे जंगल नाही पण ऊस आहे, तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात पाळीव आणि भटकी जनावरं मिळून ८७ टक्के निघाली, आणि एकटी कुत्री ३९ टक्के. मुंबईबद्दल २०१८ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला : उद्यानाभोवतालचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री फस्त करत असावेत.

म्हणजे रात्री जिन्याखाली ठेवलेली प्लास्टिकची पिशवी ही या साखळीतली पहिली कडी. भटक्या कुत्र्यांची संख्या शेवटी ठरते ती गल्लीत मिळणाऱ्या अन्नावर. कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते. पिल्लं किती जगतील, हे उकिरडा ठरवतो. अन्न तसंच ठेवून कुत्री उचलली, तर शेजारच्या गल्लीतली येतात. गेल्या भागात बिबट्याच्या रिकाम्या जागेचं जे सांगितलं, तेच कुत्र्यांनाही लागू पडतं.

आता डब्याकडे वळू. रात्री त्यावर कोण कोण येतं? घूस, उंदीर, मांजर, उदमांजर, कुत्री. पहाटे कावळे आणि घारी. उद्यानालगतच्या इमारतींत दिवसाढवळ्या माकडं. माकड सोडलं तर बहुतेकांना बोलावतो तो वास, आणि सगळ्यात लांब पोचतो तो मासळी-मटणाचा. म्हणून पहिला नियम स्वयंपाकघरातला : कोळंबीची सालं, माशांची डोकी, कोंबडीची आतडी संध्याकाळी डब्यात टाकायची नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घट्ट बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत आणि सकाळी गाडी येईल तेव्हाच बाहेर काढावीत. पहिल्यांदा ऐकताना किळस वाटते. पण मासळी घरात आली तेव्हा ती त्याच फ्रीजमध्ये ठेवली होती, एवढं आठवलं की सवय होते.

दुसरा नियम वेळेचा. कचरा रात्री दाराबाहेर ठेवण्याची आपली पद्धत सफाई कामगाराच्या सोयीची वाटते, पण तिच्यामुळे ओला कचरा आठ-नऊ तास उघड्यावर राहतो, आणि नेमके तेच तास रात्री फिरणाऱ्या प्राण्यांचे. सकाळी गाडीच्या वेळेला दार उघडून डबा द्यायचा, एवढाच बदल. सगळ्या मजल्यांनी केला, तर इमारतीच्या आवारात रात्री खाण्यासारखं काही उरत नाही. एका मजल्याने मोडला, तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

तिसरा नियम जागेचा. सोसायटीच्या कचऱ्याच्या खोलीला बहुधा दार नसतं. असलं तर खालून वीतभर फट असते. खोलीला लोखंडी दार, खिडकीला बारीक जाळी, डब्यांना कडीचं झाकण, आणि दर दोन दिवसांनी डबे धुणं एवढं पुरतं. फिनेलचा वास आपल्याला उग्र वाटतो. भुकेल्या कुत्र्याला तो थोपवत नाही. दिव्यांचंही तसंच. दिव्यामुळे माणसाला बिबट्या दिसतो हे चांगलंच, पण लखलखीत पार्किंगमधून चालत जाणारे बिबटे कॅमेऱ्यांनी पुष्कळदा टिपलेत. उजेडामुळे अन्नाची ओढ कमी होत नाही.

ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. हाडं, मासळी, तळलेलं आणि शिजवलेलं अन्न घरगुती खताच्या डब्यात नको. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा टाकला की त्यावर प्रत्येक वेळी सुक्या पानांचा किंवा कोकोपीटचा थर द्यावा. वास येत असेल, तर खत नीट होत नाहीये असं समजावं, थर वाढवावा. डब्याचं झाकण घट्ट असावं, कारण खताच्या खड्ड्यातल्या अळ्या-किड्यांवर घूस येते आणि घुशीच्या मागून बाकीचे.

यात कायद्याचा आधारही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओल्या कचऱ्याची प्रक्रिया शक्यतो आपल्याच आवारात करायची होती. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना तसं बजावलंही होतं. जंगलाला लागून उभ्या असलेल्या कितीतरी टॉवरांना हे लागू होतं. पण त्याच टॉवरांच्या मागच्या खिडक्यांतून कुंपणापलीकडे पिशव्या भिरकावल्या जातात, कारण पलीकडे ‘नुसतं रान’ आहे. हरणं त्यांतला कचरा प्लास्टिकसकट खातात. कुत्री त्या वाटेने आत शिरतात. बिबट्याला बाहेर येण्याची वाट त्या पिशव्यांच्या ओळीनेच आखून दिली जाते.

टॉवरांच्या पलीकडे उद्यानाच्या हद्दीत आणि आरेत आदिवासी पाडे आहेत, काठावर झोपडवस्त्या आहेत. तिथे अनेक ठिकाणी घंटागाडी पोचत नाही, कुंडी नाही, रस्त्यावर दिवा नाही आणि घरात शौचालय नाही. कचरा नाल्याच्या काठावर पडतो. अंधारात मुलं शौचाला जातात तीही त्याच बाजूला. बिबट्यासमोर उकिडवं बसलेलं मूल आणि कुत्रं यांच्या आकारात फार फरक नसतो. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाच्याही आतली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. या वस्त्यांतल्या लोकांना डब्याचं झाकण लावायला सांगण्याआधी त्यांना डबा आणि तो रोज रिकामा करणारी गाडी द्यावी लागेल. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून हेच सांगितलं जातंय : बिबट्याचा प्रश्न वनखात्याइतकाच महापालिकेच्या घनकचरा विभागाचा आहे.

यावर एक रास्त शंका येते. कचरा बंद केला, कुत्री कमी झाली, तर उपाशी बिबट्या माणसांवर उलटणार नाही का? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात ग्रिझली अस्वलं कित्येक दशकं कचऱ्याच्या डेपोंवर जगत होती. एके काळी ते दृश्य पाहायला पर्यटकांसाठी बाकंसुद्धा मांडलेली असत. १९७० च्या सुमारास उद्यानाने शेवटचे डेपो झपाट्याने बंद केले. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे अभ्यासक भाऊ सांगत होते, हळूहळू बंद करा. ते ऐकलं गेलं नाही. भुकेली अस्वलं पर्यटकांच्या तळांवर शिरली, पुष्कळ मारली गेली, आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला संकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. नंतर त्यांची संख्या सावरली. डेपो बंद करणं योग्यच होतं. चुकली ती घाई.

आपल्याकडे हा धोका कमी आहे, तो दोन कारणांनी. आपला बिबट्या कचरा खात नाही, आणि उद्यानात त्याच्यासाठी हरणं आहेत. शिवाय डबे बंद केल्याने कुत्री एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. अन्न आटतं तशी पुढच्या वेतांतली कमी पिल्लं जगतात, निर्बीजीकरणाची जोड मिळाली तर संख्या वर्षागणिक खाली येते. तेवढ्या काळात बिबट्याही आपल्या रात्रीच्या फेऱ्यांची वाट बदलतो. उलट, अन्न तसंच ठेवून एखाद्या आठवड्यात सगळी कुत्री उचलून नेण्याची मोहीम काढली, तर ती यलोस्टोनच्या चुकीच्या जवळ जाईल. कमी करायचं ते खाणं. कुत्री मागोमाग आपोआप कमी होतात.

या आठवड्यात एक काम करून पाहा. रात्री अकरा वाजता आणि पहाटे गाडी येण्याआधी आपल्या इमारतीभोवती एक फेरी मारा, एकटे नको, टॉर्च घेऊन दोघंतिघं जा. जिन्याखाली, मागच्या भिंतीशी, कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानामागे आणि लग्नाच्या हॉलच्या पाठीमागे काय पडलंय, त्यावर कोण आलंय, ते लिहून ठेवा. ती यादी सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडा आणि एक प्रत महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात द्या. वासाबद्दलची तक्रार हवेत विरते. जागा आणि वेळ लिहिलेली यादी हातात आली की कुणाला तरी तिचं उत्तर द्यावं लागतं.

(पुढच्या भागात : कुत्र्यांना रोज पोळी घालणारे, त्यांच्यावर चिडणारे, आणि २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम दोघांनाही काय सांगतात.)