एकतर्फी उपग्रह जोडणी आणि प्रॉक्सी सर्व्हर : प्रश्नाची वाट व उत्तराची वाट

प्रस्तावना

शाळा-महाविद्यालयांच्या गच्चीवरील डिश बहुतांशी फक्त ग्रहण करणारी असते; तिच्यातून काहीही पाठविता येत नाही. दूरचित्रवाणीला एवढे पुरते. इंटरनेटला मात्र पुरत नाही, कारण तेथे प्रत्येक पान आधी मागावे लागते. मग केवळ ऐकू शकणाऱ्या डिशवर इंटरनेट कसे चालत असे, आणि त्यातून शिक्षकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन स्वतंत्र वाटा

टेलिफोन मोडेमच्या काळात माहिती येण्याचा कमाल वेग ५६ केबीपीएस व जाण्याचा सामान्यतः ३३.६ केबीपीएस होता. सामान्य वापरात मागणी छोटी आणि येणारे उत्तर मोठे असते. म्हणून मागणी टेलिफोनवरून पाठवावी व उत्तर उपग्रहावरून घ्यावे, अशी योजना पुढे आली. अमेरिकेत ह्यूजेस कंपनीने १९९० च्या दशकात ‘डायरेकपीसी’ या नावाने अशी सेवा दिली. तिच्यात ग्राहकाला महागडे प्रक्षेपण यंत्र लागत नसे. डिश, संगणकात बसविण्याचे कार्ड आणि टेलिफोन एवढ्यावर काम भागे.

पत्त्याची अडचण

इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो व उत्तर त्याच पत्त्यावर येते. टेलिफोन सेवेने दिलेला पत्ता घालून मागणी पाठविली, तर उत्तरही टेलिफोननेच येणार. डिश नुसतीच उभी राहील. उपग्रह सेवेचा पत्ता घातला, तर टेलिफोनकडील इंटरनेट सेवा ते पॅकेट बनावट समजून टाकून देऊ शकते. अशी गाळणी लावावी, ही शिफारस मे २००० मध्ये आरएफसी २८२७ या दस्तऐवजात करण्यात आली होती.

यावर दोन उपाय आहेत. पहिला बोगद्याचा, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरे पॅकेट घालून उपग्रह केंद्राकडे पाठविण्याचा. मार्च २००१ च्या आरएफसी ३०७७ मध्ये एकतर्फी जोडण्यांसाठी अशी पद्धत सांगितली आहे. दुसरा, अधिक सोपा उपाय प्रॉक्सी सर्व्हरचा. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. वापरणारा आपली मागणी टेलिफोनवरून उपग्रह केंद्रातील प्रॉक्सीकडे देतो. प्रॉक्सी ते पान स्वतःच्या नावाने मागवितो, आणि हाती आलेले उत्तर उपग्रहाकडे वळवितो. खाली हजारो डिशवर तेच तरंग पोहोचतात. प्रत्येक कार्ड आपला क्रमांक असलेली पॅकेट्स तेवढी उचलते.

नवनगरचे उदाहरण

समजा, नवनगरमधील एका महाविद्यालयात वीस संगणकांची प्रयोगशाळा आहे. तेथे एकाच संगणकाला उपग्रह कार्ड व मोडेम जोडावे आणि त्यावर ‘स्क्विड’सारखा स्थानिक प्रॉक्सी चालवावा. बाहेर जाणारा मुख्य मार्ग मोडेमचा ठेवावा व स्थानिक प्रॉक्सीला उपग्रह केंद्रातील प्रॉक्सी ‘पालक’ म्हणून सांगावा. एका विद्यार्थ्याने उघडलेले पान जवळ साठविले की उरलेल्या एकोणीस जणांना ते पुन्हा मागवावे लागत नाही. लिनक्समध्ये एक खबरदारी हवी : ज्या वाटेने उत्तर जाणार नाही त्या वाटेने आलेले पॅकेट नाकारण्याची तपासणी उपग्रह कार्डापुरती सैल करावी लागते, नाहीतर सिग्नल उत्तम असूनही पान उघडत नाही.

आता थोडा हिशेब पाहू. उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर असेल, तर हुबळी-धारवाडहून तो जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ७२ अंश उंच दिसतो. वर जाऊन खाली येण्याचे अंतर सुमारे ७२,००० किलोमीटर होते, म्हणजे ०.२४ सेकंद. टेलिफोनची वाट धरून मागणी ते उत्तर हा फेरा ०.४ सेकंदाचा धरू. पोच न घेता एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठविण्याच्या जुन्या टीसीपी मर्यादेत एका जोडणीचा वेग सुमारे १.३ एमबीपीएसच्या वर जात नाही, मग उपग्रहाची क्षमता कितीही असो. पोचपावत्याही टेलिफोननेच जातात. ४० बाइटची एक पोच १५०० बाइटच्या दोन पॅकेट्सची मानली, तर ३३.६ केबीपीएसवर सेकंदाला १०५ पोचपावत्या जातात व त्या सुमारे २.५ एमबीपीएसपर्यंतच पुरतात. थोडक्यात, येण्याची रुंद वाट शेवटी जाण्याच्या अरुंद वाटेनेच बांधलेली राहते.

एज्युसॅटचा अनुभव

हाच प्रश्न शिक्षणात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला व ७४ अंश पूर्वेला स्थिरावला. त्याच्या पथदर्शी टप्प्यासाठी आधीच अवकाशात असलेला इन्सॅट-३बी वापरला गेला. त्या टप्प्यात बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी विद्यापीठ यांचा समावेश होता. केंद्रे दोन प्रकारची होती : काही दुतर्फी संवादाची, तर काही फक्त ग्रहण करणारी. पहिल्या प्रकारात विद्यार्थी तेथूनच प्रश्न विचारू शके. दुसऱ्यात व्याख्यान पोहोचे, पण प्रश्नासाठी टेलिफोनसारखी वेगळी वाट शोधावी लागे. एज्युसॅटची सेवा २०१० मध्ये संपली.

समारोप

स्वस्त मोबाइल इंटरनेट आल्यावर घरगुती एकतर्फी जोडण्या मागे पडल्या. आता बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध असल्याने स्थानिक प्रॉक्सीला पानांच्या प्रती साठविणेही अवघड झाले आहे. तरी २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’चे पाठ डिशवर एकाच दिशेने येतात. म्हणून असा पाठ वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने प्रश्नाची वाट आखावी : प्रश्न कोण लिहून घेणार, कोणत्या फोनवरून पाठविणार आणि आलेले उत्तर वर्गाला केव्हा सांगणार. प्रॉक्सी सर्व्हर हेच काम करीत असे. डिश असलेल्या वर्गात ते काम शिक्षकाचे आहे. त्याने ते केले नाही, तर विद्यार्थ्यांच्या वाट्याला केवळ ऐकणे उरते.