राखणीचा बार

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत बंदूक आली ती राखणीसाठी. उतारावरची नाचणी निसवली की रानडुकरं एका रात्रीत शेत उलथून टाकत. मग माळ्यावर जागरण, डबे बडवणं, हाळ्या देणं, आणि काहीच चालेना तेव्हा एक बार. शेतीसंरक्षणाचा परवाना हा तेव्हा घरातला सातबाराइतकाच जपलेला कागद असे.

सत्तरच्या दशकात आमच्या वाडीत होती ती ठासणीची एकनळी. नळीच्या तोंडातून दारू, वर काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा. गजानं ठासायचं आणि शेवटी केप. ठासणी सैल राहिली तर बार फुसका, दारू जास्त पडली तर नळीच फुटायची भीती. जाणत्यांकडे बांबूच्या पेराचं माप असे आणि ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. आमच्याकडे पावसात मिठापासून कपड्यांपर्यंत सगळं सादळतं. दारू कोरडी ठेवायची आणि चुलीपासून लांबही, हे सांभाळणं सोपं नव्हतं. मला आजही वाटतं, नेमापेक्षा हे भरणंच खरं कसब होतं. महाडच्या बाजारपेठेतल्या काही घरांत बारा बोरच्या दुनळ्या होत्या. त्यांची पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरता येत. पुढे खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ काडतूस आलं आणि ते भरणंही थांबलं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. ते योग्यच झालं. राखणीच्या नावाखाली भेकरंही पडत होती. पण खरा बदल मुंबईनं केला. तरणी माणसं गेली, वरकस जमिनी ओस पडल्या, त्यांवर झुडपं माजली आणि डुकरं थेट परसापर्यंत आली. बंदुका मात्र निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या, एवढ्यापुरत्या उरल्या. कित्येकांनी परवान्याचं नूतनीकरणच सोडून दिलं.

दुसरीकडे बंदुकीचा खेळ देशात वाढत होता. बिकानेरच्या कर्णी सिंगांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये, म्हणजे छऱ्यांनी उडत्या तबकड्या फोडण्याच्या प्रकारात, रौप्य मिळवलं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धन राठोड डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदकाचे मानकरी ठरले, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलच्या सुमा शिरूर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. एअर रायफल पुढे आपल्याकडे शाळांपर्यंत गेली. छऱ्यांचा खेळ तसा पसरला नाही. 11 सेंटिमीटरची तबकडी, काडतुसात 24 ग्रॅम छरे आणि मोठ्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अशा 125 तबकड्या. सरावाला तर याच्या कितीतरी पट. हा खर्च डोंगरातल्या घराला पेलणारा नाही. अमेरिकेत अनेक नेमबाज याच कारणानं घरी काडतुसं भरतात, मधे सोडून दिलेले पुन्हा त्याकडे वळतात. आपल्याकडे दारू, केप, काडतूस सगळंच परवान्याच्या चौकटीत येतं, आणि ती चौकट हवीच.

पण जगात ठासणीच्या बंदुकांच्याही स्पर्धा होतात, हे आमच्या भागात फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांची आंतरराष्ट्रीय समिती 1971 पासून आहे. तिच्या स्पर्धांत ‘मँटन’ आणि ‘लोरेन्झोनी’ या प्रकारांत ठासणीच्या बंदुकीनं उडत्या तबकड्या फोडतात. प्रत्येक बार हातानं भरायचा, प्रत्येक वेळी माप तेच. आमचे म्हातारे कंदिलाच्या उजेडात हेच करत होते.

म्हणून जिल्ह्यात शासकीय देखरेखीखाली ठासणीच्या नेमबाजीचं एक मैदान व्हावं, असं मला मनापासून वाटतं. गज आणि माप कसं धरायचं हे सांगणारे हात अजून आहेत, पण ते ऐंशीच्या घरात आहेत. जागा मात्र सावित्री-गांधारीच्या पाण्यापासून लांब निवडावी लागेल, आणि पडलेले छरे दरवर्षी वेचून काढावे लागतील, कारण छरे शिशाचे असतात आणि खालच्या गावांच्या विहिरी त्याच उतारावर आहेत.