हेवी लायसन : पारावरचं ऐकीव आणि खरी वाट

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गाडीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरं आणि कोयते. त्याच गाडीच्या केबिनकडे बघत दरवर्षी काही पोरं मनाशी ठरवतात, की आपण कोयता धरायचा नाही, स्टिअरिंग धरायचं. ठरवणं चांगलंच आहे. पण वाट विचारायला ती पारावर नाहीतर पंक्चरच्या दुकानात जातात आणि निम्मं खरं, निम्मं ऐकीव घेऊन परत येतात. त्या ऐकीवापायी कुणाचं वर्ष जातं, कुणाचे पैसे जातात आणि घाटात कधी जीवही जातो.

“अठरा पूर्ण झाली की ट्रकचं लायसन निघतं.”

निघत नाही. अठराव्या वर्षी कार-जीपचं, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन मिळतं. मालवाहतुकीच्या ट्रकसाठी मोटार वाहन कायद्यानं वयाची अट २० वर्षांची ठेवली आहे. शिवाय ट्रकचं शिकाऊ लायसन हवं असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. खरी चूक इथेच होते. पोरगं वीस वर्षांचं होईपर्यंत थांबतं, मग आरटीओत जातं, आणि तिथे कळतं की आधी हलकं लायसन काढून अजून एक वर्ष थांबायचं आहे. ज्याला ट्रकच चालवायचा आहे त्यानं अठराव्या वर्षीच हलकं लायसन काढून ठेवावं. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर होतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही.

शिक्षणाचंही असंच. “आठवी पास नाही, मग कसलं लायसन?” असं अजून ऐकू येतं. ती अट खरंच होती, पण केंद्र सरकारनं ती २०१९ मध्ये काढून टाकली. शाळा सुटलेल्या पोरांच्या आई-बापांपर्यंत ही एक गोष्ट पोचली तरी या लेखाचं चीज होईल. अट गेली म्हणून वाचायची गरज मात्र गेलेली नाही. पुलाच्या अलीकडे लिहिलेली भारमर्यादा आणि बिल्टीवरचा पत्ता ज्याचा त्यालाच वाचावा लागतो.

बॅच-बिल्ल्याची काळजीही सोडा. तो प्रवासी वाहनांसाठी असतो, माल वाहणाऱ्या ट्रकला लागत नाही.

“सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कारच्या लायसनवर ट्रक चालतो.”

यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप आणि लहान टेम्पो यात बसतात. दहा चाकी ट्रक, हायवा, राखेचा बल्कर यांतलं काहीही बसत नाही. गाडी कुठल्या बाजूला पडते ते तिच्या आकारावरून ठरवू नका. आरसी हातात घ्या आणि एकूण वजनाचा आकडा वाचा. रिकाम्या गाडीचं वजन त्याच आरसीवर वेगळं लिहिलेलं असतं. दोन्हींत गल्लत झाली तर अपघातानंतर विमा कंपनी बरोबर त्याच आकड्यावर बोट ठेवते.

पहिली नोकरी शोधणाऱ्यासाठी हा निकाल कामाचा आहे. वर्षभर पिकअपवर भाजीपाला किंवा खताची पोती वाहिली, तर हात बसतो, रस्ते कळतात, बाजार समितीत गाडी लावायची अक्कल येते आणि घरात चार पैसेही येतात. कुणी विचारलं तर मी हीच वाट सांगेन.

“शाळेत काय शिकवतात? उस्तादाकडे क्लीनर राहा, आपोआप येतं.”

उस्तादाकडून खूप शिकायला मिळतं, हे मी मनापासून मानतो. गढीच्या पुढे एका ढाब्यावर पहाटे पाहिलेला एक वयस्क ड्रायव्हर अजून डोळ्यांसमोर आहे. चहा घ्यायच्या आधी हातात लोखंडी टॉमी घेऊन तो गाडीभोवती फिरला आणि एकेका टायरवर ठोका देत गेला. टण, टण, टण. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरवर आवाज बदलला, ढब. क्लीनरला म्हणाला, “कान दे. बाहेरचा टायर फुगलेला दिसतो म्हणून आतला बरा असेल असं समजू नको.” मग वाकून दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड काढला. हे शिक्षण कुठल्याच पुस्तकात नाही.

पण कायद्याची बाजू वेगळी आहे. रात्री मोकळा रस्ता बघून उस्तादानं शिकाऊ लायसन नसलेल्या क्लीनरच्या हातात गाडी दिली, तर विनापरवाना चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि चालवू देणाऱ्यालाही तेवढाच. काही झालं तर विम्याचा वाद वेगळा. शिवाय ट्रकच्या पक्क्या लायसनसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ हे प्रमाणपत्र लागतंच, आणि डॉक्टरचा फॉर्म १-अ सुद्धा. नियमानं ट्रकचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान पंधरा तासांचं असायला हवं. पैसे भरले की प्रमाणपत्र घरी पाठवतो, असं कुणी म्हणालं, तर तो तुमचे पंधरा तास लाटतोय असं समजा. स्कूलमध्ये नाव घालण्याआधी एकच विचारा : “मोठी गाडी कुठे आहे, दाखवा.”

२०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी पद्धतही आली आहे. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. पुण्यात केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत, म्हणजे सीआयआरटीत, चालक प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं चालतं. बीडहून पुणे लांब वाटतं, पण ऊसतोडीला पोरं त्याहूनही लांब जातात.

“उताराला न्यूट्रल टाकला की डिझेल वाचतं.”

हा समज सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत जीवघेणा. मांजरसुंब्याचा घाट किंवा धारूरचा घाट उतरताना भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून आहेत. आधी डिझेलचं बघू. आजच्या इंजिनात डिझेलचा हिशेब संगणक ठेवतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की तो डिझेल तोडतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतच होत नाही.

आता ब्रेकचं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि दर वेळी पेडल दाबलं की त्यातली थोडी खर्च होते. इंजिनचा आधार सोडला की सगळं वजन ब्रेकवर येतं, पाय सारखा पेडलवर जातो, ड्रम तापतात, लायनर जळाल्याचा वास येतो आणि ब्रेक लागेनासा होतो. त्यात कुणी इंजिनच बंद केलं असेल, तर टाकीत नवी हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये, किंवा एक खाली घेऊन उतरा. गिअर घाटाच्या तोंडाशीच टाका, मध्ये नाही. सकाळी गाडी काढण्याआधी हवेचा काटा वर येऊ द्या. आणि हंगामात रात्री केज-माजलगावच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिव्याशिवाय चालतात, हे घाटाखाली उतरल्यावरही विसरू नका.

“ओव्हरलोडचा दंड मालक भरतो, आपल्याला काय?”

कायद्याच्या कलम १९४ मध्ये चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही येतात. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. चार टन जास्त भरले तर २८,००० होतात. वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि तो उतरवण्याचा खर्चही निराळा. राख, वाळू, ऊस, काहीही भरा, काट्याची पावती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

“अपघात झाला की आधी पळ.”

जमावाच्या मारहाणीची भीती खरी आहे आणि कायद्यानंही ती ओळखली आहे. कलम १३४ जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी चालकावर टाकतं, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर तेवढी सूट देतं. सूट जागेवरून हलण्यापुरती आहे, गायब होण्याची नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि कळवा. उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत.

“मालकानं उचल दिली म्हणजे नोकरी पक्की.”

ज्या घरानं मुकादमाची उचल पाहिली आहे, त्या घराला हे मी काय सांगावं? पण केबिनमध्ये बसल्यावर तीच उचल ‘ॲडव्हान्स’ नावानं येते आणि ओळखू येत नाही. ती फिटेपर्यंत लायसन मालकाकडे ठेव, असं कुणी म्हटलं तर ठेवू नका. लायसन गाडी चालवताना तुमच्याजवळच हवं. कागदावर नाहीतर डिजिलॉकरमध्ये, दोन्ही चालतं. पोलिसांनी ते ताब्यात घेतलं तर पोच द्यावी लागते. खासगी मालकाला ते अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही.

पहिल्या ट्रिपआधी चार गोष्टी ठरवून वहीत लिहा : पगार किती आणि कोणत्या तारखेला, भत्ता दिवसावर की खेपेवर, टोल-डिझेलचा हिशेब कधी, आणि गाडीचा विमा, फिटनेस, परमिट चालू आहे का. आणि बोलणी करायला जाताना आईला बरोबर न्या. कोणत्या हंगामात किती उचल घेतली, कोणाच्या हातात दिली आणि किती फिटली, हे तिच्याइतकं चोख घरात कुणालाच आठवत नाही.