खानोलकरांची सून आणि परमवीर चक्र

लढाई संपली की सैनिक घरी परततात. काहींच्या मागोमाग परमुलखातली नवरीही येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या हजारो इंग्रज मुली बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांच्यासाठी तिथे डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदाही झाला. त्याच्या कितीतरी आधी, कुठल्याही कायद्याचा आधार नसताना, एक युरोपीय मुलगी मराठी फौजी तरुणासाठी आपल्या देशात आली होती.

तिचे नाव ईव्ह यव्होन. जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला. वडील हंगेरियन प्राध्यापक, आई रशियन. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत भेटले आणि मुलीने मनाशी ठरवून टाकले. वडिलांना हे पसंत नव्हते. तरी ती आली. १९३२ मध्ये लखनौला लग्न झाले आणि ईव्हची सावित्री झाली. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, पुराणे वाचली, पुढे महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

आम्ही पेठची माणसे नाशिक जिल्ह्यातली. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय असल्याने फौजेतला जावई आमच्याकडे नवलाचा नाही. मुलगी देताना मी बायकांना विचारताना ऐकले आहे : बदली कुठे? सुट्टी किती? सैनिकाची बायको आपल्याच देशात दर दोन-तीन वर्षांनी नव्याने परकी होते. सावित्रीबाई मात्र त्या परकेपणातून थेट आपल्या पुराणांपर्यंत पोहोचल्या.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी शौर्यपदकांच्या आराखड्यांसाठी त्यांची निवड केली. परमवीर चक्रासाठी त्यांना दधीची ऋषी आठवले. आपल्या अस्थींचे वज्र व्हावे म्हणून त्यांनी देह ठेवला. काशाच्या गोल पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे उमटली. २६ जानेवारी १९५० रोजी हा सन्मान सुरू झाला.

पहिले परमवीर चक्र मिळाले मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला ते धारातीर्थी पडले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. आपण रेखाटलेले पदक लेकीच्या सासरी, दुःखाच्या घरी पोहोचलेले या आईने पाहिले. १९५२ मध्ये पतीही गेले. त्यांनी मग अध्यात्माची वाट धरली. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

१९४७ ते १९९९ मधील पराक्रमांसाठी एकवीस जणांना हे पदक मिळाले, त्यांतील चौदा जणांना मरणोत्तर. दधीचींनी अस्थी दिल्या हे आपण मुलांना सांगतो. मागे घरात कोण उरले, हेही सांगायला हवे. परदेशातून आलेल्या सुनेला ते ठाऊक होते.