टिकलेल्या पुराव्याचा मान

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नोबेल पारितोषिके जाहीर होतात आणि आठवडाभर तरी विज्ञानाला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळते. त्या यादीत मानसशास्त्र नसते. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ मध्ये आपले मृत्युपत्र केले, तेव्हा विल्हेल्म वुंट यांच्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेला जेमतेम १६ वर्षे झाली होती. मनाचा प्रयोगाने अभ्यास करता येतो हेच तेव्हा अनेकांच्या पचनी पडलेले नव्हते. पुढे मानसशास्त्राशी नाते असलेली माणसे नोबेलपर्यंत पोहोचली खरी, पण दुसऱ्या शास्त्रांच्या दारातून. इव्हान पावलोव्ह यांना १९०४ मध्ये मान मिळाला तो पचनक्रियेवरच्या कामासाठी. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये आणि डॅनिएल काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे पारितोषिक मिळाले. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेले जॉन ओकीफ २०१४ मध्ये वैद्यकशास्त्राच्या यादीत आले. स्वतःच्या कर्तृत्वाची दखल घेण्यासाठी या शास्त्राला स्वतःचीच व्यवस्था उभी करावी लागली. त्यातला सर्वांत मानाचा सन्मान म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा विशेष वैज्ञानिक योगदानासाठीचा पुरस्कार. तो १९५६ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी वुल्फगांग कोहलर, कार्ल रॉजर्स आणि केनेथ स्पेन्स या तिघांना दिला गेला. चिंपांझींच्या मर्मदृष्टीचा अभ्यासक, समुपदेशनाची नवी रीत घडवणारा चिकित्सक आणि कट्टर वर्तनवादी, अशी ही तीन माणसे. मनाविषयी त्यांचे आपसात क्वचितच पटले असते. त्यांना एका रांगेत बसवणाऱ्या समितीने निष्कर्षांपेक्षा अभ्यासाच्या शिस्तीला महत्त्व दिले, असे मला वाटते.

पुढच्या काळात ही शिस्त नेहमी पाळली गेली नाही. मानसशास्त्राची अडचण अशी की मनाबद्दल प्रत्येकाला काही ना काही मत असते. कृष्णविवराबद्दलचा सिद्धांत ऐकून कोणी 'मला वाटलंच होतं' म्हणत नाही. मुले का हट्ट करतात, माणसे का घाबरतात, बुद्धी वारशाने येते का, याबद्दल मात्र शास्त्रज्ञाने तोंड उघडण्याआधीच आपण निकाल देऊन मोकळे झालेले असतो. त्यामुळे आपल्या मताला दुजोरा देणारा निष्कर्ष हातोहात खपतो आणि छेद देणारा दारातच अडवला जातो. सामान्य वाचकापाशी या दोन्हींची पारख करण्याचे साधन नसते. तो पुरस्काराकडे पाहून विश्वास ठेवतो. म्हणून या शास्त्रात सन्मानाची जबाबदारी इतर शास्त्रांपेक्षा मोठी आहे. तो मिळायला हवा शंका घेणाऱ्यांच्या हाती जाऊनही टिकलेल्या कामाला. किती गाजले, किती जणांनी उद्धृत केले, किती पुस्तके खपली, हे सारे त्यानंतर.

या कसोटीला पुरेपूर उतरलेले उदाहरण म्हणून मी जॉन गार्सिया यांचे काम निवडतो. स्पेनमधून कॅलिफोर्नियात आलेल्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को इथल्या अमेरिकन नौदलाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत काम करत होता. किरणोत्सर्गाचा उंदरांवर होणारा परिणाम तपासताना त्यांच्या लक्षात आले की किरणांच्या खोलीत ठेवलेले उंदीर तिथल्या प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी दिवसेंदिवस कमी पितात, आणि आपल्या नेहमीच्या पिंजऱ्यातल्या काचेच्या बाटलीतले मात्र पितात. प्लास्टिकची किंचित चव पाण्याला लागत होती, किरणांनी उंदरांना मळमळत होते आणि उंदरांनी या दोन गोष्टींची सांगड घातली होती. मग गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम सॅकरिनचे गोड पाणी देऊन किरण सोडले. उंदरांना आवडणारे ते गोड पाणी नकोसे झाले. हा निबंध १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. आजारपणात खाल्लेल्या पदार्थाची पुढे कित्येक वर्षे शिसारी बसते, हा अनुभव घरोघरी असतो. पण त्या काळच्या अभिसंधानाच्या सिद्धांतात त्याला जागा नव्हती. कोणतेही उद्दीपक कोणत्याही परिणामाशी जोडता येते आणि त्या दोहोंत फार तर काही सेकंदांचे अंतर चालते, असे पाठ्यपुस्तके सांगत होती.

१९६६ मध्ये गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी जो प्रयोग केला, तो मांडणीच्या साधेपणासाठी आजही पाहण्यासारखा आहे. उंदीर नळीतून पाणी चाटत. पाण्याला चव होती, आणि जीभ नळीला लागली की दिवा लकाकत असे व टक् असा आवाज होत असे. म्हणजे प्रत्येक उंदराला एकाच वेळी चव, प्रकाश आणि आवाज मिळत होता. त्यातल्या काहींना नंतर पायाला विजेचा झटका दिला, तर काहींना क्ष-किरणांनी किंवा लिथियम क्लोराईडने आजारी पाडले. पुढे चव एकीकडे आणि प्रकाश व आवाज दुसरीकडे असे वेगळे करून चाचणी घेतली. आजारी पडलेले उंदीर चवीचे पाणी टाळू लागले, पण प्रकाश-आवाजाचे पाणी खुशाल पीत राहिले. झटका बसलेल्यांचे नेमके उलटे झाले. शिक्षा वेगळी असली, तरी उद्दीपके सर्वांना एकसारखीच मिळाली होती. तरी मेंदूने पोटाचा त्रास चवीच्या नावावर आणि कातडीचा त्रास डोळ्या-कानांच्या नावावर मांडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखवले की चव आणि आजार यांत तासाभराहून जास्त अंतर पडले तरी उंदीर शिकतात. शिकण्याच्या सर्वसाधारण नियमांवर कारकिर्दी उभ्या केलेल्या लोकांना हे झेपणारे नव्हते. त्या वर्षीचा पहिला निबंध प्रमुख नियतकालिकांनी परत पाठवला आणि तो दोनच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या 'सायकॉनॉमिक सायन्स' या छोट्या नियतकालिकात छापून आला.

इथे कोणी म्हणेल, संपादकांचे काय चुकले? रूढ सिद्धांताला धक्का देणाऱ्या दाव्यावर शंका घ्यायलाच हवी. हे मान्य आहे, आणि शंकेनेच या कामाला बळ दिले. अनेक प्रयोगशाळांनी उंदरांवर आणि इतर प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी कर्करोगाच्या मुलांवर अभ्यास केला. केमोथेरपीआधी मुलांना एका विशिष्ट चवीचे आइस्क्रीम दिले, तर नंतर ती मुले ते नाकारू लागली. रुग्णांच्या मंदावलेल्या भुकेचे एक कारण त्यातून उमगले. गार्सियांना विशेष वैज्ञानिक योगदानाचा पुरस्कार मिळाला तो १९७९ मध्ये, १९५५ च्या निबंधानंतर २४ वर्षांनी. तोवर त्यांचा निष्कर्ष त्यांच्या नावावर अवलंबून राहिलेला नव्हता. त्यांच्यावर विश्वास नसलेला कोणीही आपल्या प्रयोगशाळेत तो पडताळू शकत होता. समितीने व्यक्तीला मान दिला असला, तरी त्यामागे अनेक संशयी हातांची साक्ष होती. माझ्या मते सन्मानाचे योग्य रूप ते हेच.

आता याच्या उलटे काय घडते तेही पाहू. ब्रिटनचे सिरिल बर्ट यांना १९४६ मध्ये सर हा किताब मिळाला आणि १९७१ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे थॉर्नडाइक पारितोषिकही. बुद्धी मुख्यतः वारशाने येते, हे त्यांनी वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या आकडेवारीवरून मांडले होते. तीन वर्षांनी लिऑन कामिन यांनी ते आकडे नीट वाचले. जुळ्यांच्या जोड्या २१ वरून तिसाच्या पुढे आणि मग ५३ वर गेल्या, तरी बुद्ध्यंकांचा सहसंबंध तिन्ही वेळा ०.७७१ इतकाच राहिला होता. माणसांच्या मोजमापात तिसऱ्या दशांशापर्यंत असा योगायोग पुन्हा पुन्हा होत नाही. बर्ट यांच्या बचावासाठी नंतर पुस्तके लिहिली गेली आणि वाद पुरता मिटलेला नाही. पण ती आकडेवारी आता कोणी आधार म्हणून वापरत नाही. मला जास्त अस्वस्थ करते ते असे की आकडे छापील होते, सर्वांसमोर होते, आणि सन्मान देणाऱ्यांपैकी कोणी ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिले नाहीत. नेदरलँड्सच्या डिडेरिक स्टापेल यांचे प्रकरण तर उघड लबाडीचे. २००९ मध्ये त्यांना सामाजिक मानसशास्त्रातला कारकिर्दीचा पुरस्कार मिळाला, आणि २०११ मध्ये तरुण सहकाऱ्यांनी धाडस करून त्यांनी आकडे घरी बसून रचल्याचे उघडकीस आणले. त्यांचे ५८ निबंध मागे घेतले गेले. पुरस्कार देणाऱ्यांनी चमक पाहिली, मूळ नोंदी मागितल्या नाहीत.

लबाडी विरळा असते. त्याहून मोठा प्रश्न प्रामाणिक पण कच्च्या कामाचा आहे. ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० संशोधकांनी मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा केले आणि निकाल २०१५ मध्ये जाहीर केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय परिणाम आढळला होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच दिसला. यावर टीका झाली, परिस्थिती बदलली की परिणाम बदलतो असे सांगितले गेले, आणि त्यात तथ्यही आहे. पण परिस्थितीगणिक बदलणारा निष्कर्ष सार्वत्रिक सत्य म्हणून गौरवण्याची घाई मग कशाला? खुद्द काहनेमन यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात लहान नमुन्यांच्या काही प्रयोगांवर नको तितका भरवसा ठेवल्याचे २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केले. नोबेल मिळालेल्या माणसाने ही कबुली द्यावी, याला मी त्यांच्या संशोधनाइतकीच किंमत देतो.

टिकलेल्या कामालाच मान द्यावा, या मतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उशिराचा आहे. काळाची परीक्षा होईपर्यंत थांबायचे तर संशोधक म्हातारा होतो, कधी हयातही नसतो. काहनेमन यांचे सहकारी अमोस ट्वेर्स्की १९९६ मध्ये वारले आणि नोबेलच्या वेळी मंचावर त्या दोघांपैकी फक्त काहनेमन होते. शिवाय ज्यांना आधीच डावलले गेले आहे, त्यांना 'अजून थांबा' म्हणणे क्रूरपणाचे होते. लहान बाळांना खोलीची जाण असते हे दाखवणाऱ्या 'व्हिज्युअल क्लिफ' प्रयोगाच्या कर्त्या एलिनॉर गिब्सन यांना, पती तिथेच प्राध्यापक असल्याने, कॉर्नेल विद्यापीठाने नातलगांविषयीच्या नियमावर बोट ठेवून वर्षानुवर्षे प्राध्यापकपद दिले नाही. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही आणि काढायचाही नाही. उत्तर एवढेच की तरुणांना हवी असते ती नोकरी, निधी आणि काम करण्याची मोकळीक, आणि ती द्यायला अंतिम सत्याचा शिक्का लागत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेच १९७४ पासून कारकिर्दीच्या सुरुवातीच्या संशोधकांसाठी वेगळा पुरस्कार ठेवला आहे. तिथे प्रश्नाची धार आणि पद्धतीचा चोखपणा पाहावा. निष्कर्ष खरा ठरला असे मात्र तिथे जाहीर करू नये.

दुसरा आक्षेप सांघिक कामाचा. आज चांगले पुरावे शेकडो हातांनी उभे राहतात, मग मान एकाच्या गळ्यात का? या बाबतीत नवे वळण दिसते आहे. 'मेनी-बेबीज' या प्रकल्पात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळांवर एकच प्रयोग केला. मोठी माणसे बाळाशी लाडात येऊन बोलतात, ते बोलणे बाळांना जास्त आवडते का, हा प्रश्न. उत्तर होकारार्थी आले, पण परिणामाचा आकार आधीच्या अभ्यासांच्या सरासरीपेक्षा लहान निघाला. बर्लिनच्या आइनस्टाइन फाउंडेशनने २०२१ मध्ये संशोधनाच्या गुणवत्तेसाठी पुरस्कार सुरू केला, तेव्हा या गटाच्या पुढच्या प्रकल्पाची आणि नोसेक यांच्या सेंटर फॉर ओपन सायन्सची त्यात निवड झाली. तपासणी करणाऱ्यांचा असा गौरव होणे ही माझ्या दृष्टीने या शास्त्रातली अलीकडची सर्वांत आश्वासक घटना आहे.

मेनी-बेबीजसारख्या प्रयत्नांना आणखी एक कारण आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये असोसिएशनच्या सहा प्रमुख नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा अभ्यासात सहभागी झालेल्यांपैकी ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या अगदी लहान तुकड्यावर तपासलेले सत्य मानवी स्वभाव म्हणून सन्मानित होते, आणि आपल्यासारख्या देशांत झालेले तोलामोलाचे काम 'स्थानिक' ठरते. आपणही या शास्त्राला पंक्तीत बसवलेले नाही. भटनागर पुरस्काराच्या सात शाखांत मानसशास्त्र नव्हते. २०२४ मध्ये प्रथम दिल्या गेलेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराच्या १३ क्षेत्रांतही त्याचे नाव नाही. शेवटी 'इतर' असा एक रकाना आहे.

त्या रकान्यात बसेल असे काम गोव्यात झाले आहे. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये 'संगत' ही संस्था सुरू केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर उपचार करता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. 'मानस' या चाचणीत १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने घेतले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, त्यात सरकारी केंद्रांत स्पष्ट फायदा दिसला, खासगी डॉक्टरांकडे दिसला नाही, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच ठळकपणे मांडल्या गेल्या. त्यातून शिकून पुढची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. समुपदेशक सहा ते आठ भेटींत रुग्णाला दिवसाची छोटी छोटी कामे पुन्हा हाती घ्यायला मदत करत. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त सुधारित नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. वर्षभराने त्यांनी त्याच रुग्णांची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही फायदा टिकून होता.