उंची-वजनाची नोंद : एका आकड्यावरून काय कळते?

जुळे सोलापूर ओलांडल्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शाळेत मी जून व डिसेंबरच्या उंची-वजनाच्या नोंदी ताडून पाहिल्या. दुसरीच्या एकाही मुलाची उंची सहा महिन्यांत तसूभरही वाढलेली नव्हती. मुले खुंटली होती असे नव्हे. जूनचेच आकडे डिसेंबरात उतरविले गेले होते.

पाच ते दहा वर्षे वयाचे मूल वर्षाकाठी साधारणतः ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते व त्याचे वजन २ ते ३ किलोग्रॅम वाढते. म्हणजे सहामाहीची वाढ जेमतेम ३ सेंटिमीटर. पायातील चप्पल किंवा डोक्यावरचा अंबाडा एवढी चूक सहज घडवितो. यास्तव मुलास अनवाणी, टाचा भिंतीस टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे व माथ्यावर पाटी काटकोनात धरून खूण करावी. वजन शालेय पोषण आहारापूर्वी, गणवेशात व त्याच काट्यावर घ्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. सात वर्षांच्या मुलाची उंची १२० सेंटिमीटर व वजन २० किलोग्रॅम आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता १३.९ हा शरीर वस्तुमान निर्देशांक येतो. वर्षाने तोच मुलगा १२६ सेंटिमीटर व २२ किलोग्रॅमचा झाला, तरी निर्देशांक १३.९ च राहतो. वजन वाढले ते उंचीच्या वाढीपुरतेच. प्रौढांची १८.५ ही मर्यादा त्यास लावली, तर वर्गातील बहुतेक मुले कृश ठरतील! मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वय व लिंगानुसार तक्तेच पाहावेत. शिवाय हा निर्देशांक चरबी व स्नायू यांत भेद करीत नाही. तालमीतला पैलवानही त्याच्या लेखी स्थूलच. म्हणून चौथीपासून ६०० मीटर धावण्याचा वेळही शेजारी लिहावा.

ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर जाणाऱ्या मुलांकडे मात्र विशेष लक्ष हवे. जाण्यापूर्वी त्यांचे माप घ्यावे, नोंदीची प्रत पालकांपाशी द्यावी व परतल्यावर त्याच आठवड्यात पुन्हा मोजावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलास वर्षातून एकदा पाहते. मधल्या महिन्यांतील घट त्यास दिसत नाही. ज्याचे वजन घटले वा दोन नोंदींत जागीच राहिले, अशा मुलाचे पान पथकापुढे आवर्जून उघडून ठेवावे.